नाकाबंदीसाठी डॅशकॅम: कोणता कामाचा, कोणता शोभेचा

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेमागे लावायचा कॅमेरा. त्याची परीक्षणं वाचली तर रात्रीचं चित्र किती स्वच्छ, नंबर प्लेट किती अंतरावरून वाचता येते, ॲप किती चपळ, एवढंच सापडतं. अपघाताच्या विम्यासाठी ते ठीक आहे. इथे एकच प्रश्न घेतला आहे: नाशिकमध्ये मुंबई नाक्यावर, आडगाव नाक्यावर किंवा पाथर्डी फाट्यावर पोलिसांनी हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि त्या दहा मिनिटांवरून पुढे वाद कोर्टात गेला, तर हा कॅमेरा उपयोगी पडतो का? बाजारात साधारण ३ ते १२ हजारांत मिळणारे डॅशकॅम याच एका कसोटीवर तपासले, तर महागडे बरेचसे नापास होतात आणि मधल्या किमतीतले काही चांगले गुण घेतात.

आधी कायदा, कारण कॅमेऱ्याची किंमत त्यावरच ठरते. अमेरिकन मालिका पाहून अनेकांची समजूत झालेली असते की पोलिसांनी बेकायदा थांबवलं तर सापडलेलं सगळं कोर्ट बाजूला काढतं. तो नियम त्यांच्याकडचा. १९६१ च्या मॅप खटल्यापासून तो तिथल्या सगळ्या राज्यांना लागू झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात नेमकं उलट सांगितलं: झडती बेकायदा असली तरी मिळालेला पुरावा संबंधित असेल, तर केवळ त्या कारणाने तो नाकारता येत नाही. ती प्राप्तिकराची झडती होती, पण तत्त्व फौजदारी खटल्यांतही चालत आलं आहे. म्हणजे ‘मला उगाच थांबवलं’ एवढंच सिद्ध करून डिकीत सापडलेला माल खटल्यातून बाहेर जात नाही. खटला पडतो तो कार्यपद्धतीतल्या ठरावीक पायऱ्या चुकल्याने, किंवा साक्षीदार पोलीस सांगतात तसं घडलंच नाही हे दिसल्याने. दोन्ही गोष्टींना त्या वेळचं ध्वनिचित्रमुद्रण लागतं. डॅशकॅम घ्यायचा तो यासाठी.

थांबवण्याच्या अधिकाराबद्दलही व्हॉट्सॲपवर बरंच चुकीचं फिरतं. ‘हवालदाराला गाडी थांबवता येत नाही, फौजदारच हवा’ हे त्यातलं सर्वांत लाडकं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातला कोणताही पोलीस अधिकारी लायसन्स तपासायला मागू शकतो. फौजदार दर्जाची अट कलम १३२ मध्ये आहे, आणि ती अपघातानंतर थांबण्याबाबतची आहे. कलम ११९ प्रमाणे वाहतूक नियमन करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळावाच लागतो. तेव्हा ‘तुमचा अधिकार दाखवा’ म्हणत काच खाली न करणं हे कॅमेऱ्यात छान दिसतं आणि कोर्टात वाईट. खरे आक्षेप वेगळे आहेत. गणवेश नसणं, जप्त केलेल्या लायसन्सची पावती न देणं (कलम २०६ प्रमाणे ती द्यावी लागते), किंवा कलम २०७ मधलं कोणतंही कारण नसताना गाडी अडकवून ठेवणं. गाडीची किल्ली काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. कागदांचं म्हणाल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मधल्या दुरुस्तीनंतर चालते; मूळ कार्डाचा आग्रह धरला गेला तर तेवढं बोलणं आवाजासकट मुद्रित झालं म्हणजे पुरे.

आता कॅमेरा. पहिली आणि सर्वांत मोठी खोट वीजपुरवठ्यात आहे. बहुतेक डॅशकॅम सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतात. नाक्यावर पहिलं वाक्य असतं, ‘गाडी बंद करा.’ इग्निशन बंद झालं की बऱ्याच गाड्यांत सॉकेट मरतं आणि कॅमेरा चालू फाइल सेव्ह करून झोपी जातो. म्हणजे जे मुद्रित व्हायला हवं, नेमकं त्याच्या आधी पडदा पडतो. उपाय हार्डवायर किटचा, म्हणजे सॉकेटऐवजी थेट फ्यूज बॉक्समधून वीज घेणाऱ्या जोडणीचा. त्यात साधारणपणे तीन वायर असतात: पिवळी सतत चालू असलेल्या फ्यूजला, लाल एसीसी (किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या) फ्यूजला, काळी बॉडीच्या अर्थला. फ्यूज बॉक्समधून वीज घ्यायला फ्यूज टॅप वापरा, वायर सोलून गुंडाळणाऱ्या मेकॅनिककडे जाऊ नका. टॅपचा आकार तुमच्या गाडीच्या फ्यूजचाच हवा, मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी एकमेकांत बसत नाहीत. एअरबॅग, एबीएस यांच्या फ्यूजला हात लावू नये. काचेच्या बाजूच्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्यायची, पुढून नेली तर एअरबॅग उघडताना तीच वायर आडवी येते. किटमध्ये व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद करायचा तो आकडा, निवडता येतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला तो १२.० वर ठेवलेला बरा. त्याखाली ठेवलात तर चार दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी ढकलावी लागेल.

याच संदर्भात कपॅसिटर की लिथियम बॅटरी हा प्रश्न येतो. आत छोटी लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा वीज गेल्यावर काही मिनिटं चालतो, म्हणून नाकाबंदीसाठी तोच बरा असं वाटू शकतं. पण एप्रिल-मे मध्ये सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळ उन्हात दिवसभर उभ्या गाडीच्या काचेमागचं तापमान ६० अंशांच्या वर सहज जातं, आणि ती बॅटरी फुगते. बॅटरीऐवजी कपॅसिटर (थोडीच वीज साठवणारा भाग) असलेला कॅमेरा वीज गेल्यावर काही सेकंदांतच बंद होतो, पण शेवटची फाइल नीट बंद करून जातो आणि उन्हाळे काढतो. कपॅसिटर आणि हार्डवायर किट ही जोडी घ्यावी. नुसता कपॅसिटर घेऊन सॉकेटवर चालवणाऱ्याला नाक्यावर काहीच मिळणार नाही.

दुसरी खोट जी-सेन्सरची. धक्का बसला की चालू फाइल ‘लॉक’ होते आणि लूपमध्ये, म्हणजे कार्ड भरल्यावर जुन्यावर नवं चित्रण होताना, पुसली जात नाही, ही सोय अपघातासाठी आहे. नाक्यावर गाडी शांतपणे थांबते, धक्का बसत नाही, म्हणून फाइल आपोआप लॉक होत नाही. उलट संवेदनशीलता ‘हाय’ वर असेल तर शहरातला प्रत्येक गतिरोधक एकेक फाइल लॉक करतो आणि लॉक फाइलींचा कोपरा भरून जातो. सेन्सर ‘लो’ वर ठेवा, आणि गाडी बाजूला घेतानाच लॉकचं बटण हाताने दाबा. बटण मोठं, स्पर्शाने सापडणारं आणि कॅमेऱ्यावरच असलेला कॅमेरा निवडा. ॲप उघडून लॉक करावं लागणारा नको. हातात मोबाइल घेऊन पडद्यावर बोटं फिरवणारा चालक पोलिसाला काय वाटेल याचा विचार करा.

कार्डाचा हिशोब सोपा आहे. १०८०पी चित्रण मिनिटाला साधारण १०० ते १२० एमबी घेतं. ६४ जीबीच्या कार्डावर एका कॅमेऱ्याचे नऊ-दहा तास राहतात, दोन्ही कॅमेरे १०८०पी असतील तर साडेचार-पाच. म्हणजे दोन कॅमेरे लावून रोज तासभर गाडी चालवणाऱ्याची सोमवारची फाइल पुढच्या सोमवारपर्यंत पुसून गेलेली असते. १२८ जीबीचं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड घ्या. साधं मोबाइलचं कार्ड सततच्या लिखाणाने कधी निकामी झालं ते कॅमेरा सांगेलच असं नाही.

तिसरी गोष्ट दिशा. पुढे-मागे असे दोन कॅमेरे हा आपल्याकडे सर्वांत खपणारा प्रकार, आणि या कामासाठी सर्वांत निरुपयोगी. पोलीस बोलतो तो चालकाच्या खिडकीशी, झडती होते डिकीची किंवा मागच्या सीटची. पुढचा कॅमेरा बोनेट दाखवतो, मागचा पाठीमागची रिक्षा. घ्यायचा तर पुढचा आणि केबिनचा, म्हणजे टॅक्सीवाले वापरतात तो प्रकार. त्यात अंधारासाठी इन्फ्रारेड दिवे असतात आणि खिडकीतला माणूस, त्याची नेमपट्टी, हातातला कागद चौकटीत येतात. डिकीमागे काय झालं ते कोणताच डॅशकॅम दाखवत नाही. तिथे आवाज कामाला येतो, म्हणून मायक्रोफोन चालू आहे की नाही हे आधी पाहा; अनेक कॅमेऱ्यांत बटणाच्या एका चुकीच्या दाबाने आवाज बंद होतो आणि कोपऱ्यातली छोटी खूण कुणी बघत नाही. गाडीतला रेडिओ बंद करायचा. आतल्या प्रवाशांचं खासगी बोलणंही मुद्रित होतं, हे बसणाऱ्याला सांगून ठेवलेलं बरं.

आवाज इतका महत्त्वाचा का, ते अमली पदार्थांच्या खटल्यांत दिसतं. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी त्या माणसाला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा त्याला हक्क आहे. बलदेव सिंग (१९९९) निकालाने हे सांगणं बंधनकारक ठरवलं. सांगितलं नसेल तर त्या झडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा उभी राहत नाही. परमानंद (२०१४) निकालात दोघांना मिळून एकच नोटीस देणं आणि ‘छापा पथकातल्याच अधीक्षकासमोरही झडती देऊ शकता’ असा तिसरा पर्याय सुचवणं, दोन्ही चूक ठरलं. पंचनाम्यात छापील वाक्य असतंच. ते खरोखर उच्चारलं गेलं का, कोणत्या शब्दांत, हे मुद्रित आवाजच सांगू शकतो. मर्यादाही लक्षात ठेवा: कलम ५० अंगझडतीपुरतं आहे. बॅगेत किंवा डिकीत सापडलेल्या मालाला ते लागू होत नाही, हे २००५ च्या पवन कुमार निकालापासून ठरलेलं आहे आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं.

गाडीच्या झडतीला उपयोगी, एनडीपीएस कायद्याखालचाच निकाल आहे बूटा सिंग (२०२१). खासगी जीप सार्वजनिक रस्त्यावर होती, म्हणून पोलिसांनी कलम ४३ खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या नियमाने, झडती घेतली. न्यायालय म्हणालं, खासगी गाडी ही सार्वजनिक वाहतुकीची गाडी नव्हे, कलम ४२ पाळायला हवं होतं. म्हणजे मिळालेली खबर लिहून घेणं, वरिष्ठांना कळवणं, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर तशी कारणं नोंदवणं. ते मुळीच पाळलं नव्हतं, आरोपी सुटले. इथे तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: गाडी कोणती, ठिकाण कोणतं, वेळ कोणती. तिन्ही डॅशकॅम सांगू शकतो, पण घड्याळ बरोबर असेल तर.

आणि घड्याळ अनेकांचं चुकलेलं असतं. चिनी बनावटीच्या काही कॅमेऱ्यांत मूळ सेटिंग बीजिंगच्या वेळेचं असतं, ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. संध्याकाळी साडेपाचची झडती चित्रणावर रात्री आठची दिसली, तर तुमचाच पुरावा तुमच्या विरुद्ध बोलायला लागतो. जीपीएस असलेला कॅमेरा वेळ उपग्रहाकडून घेतो, पण टाइम झोन ‘+५:३०’ तुम्हालाच निवडावा लागतो. जीपीएस नसेल तर महिन्यातून एकदा घड्याळ जुळवा. वेळेचं महत्त्व किती, याचं उदाहरण जवळचंच आहे: जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज तीनच्या आत आला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर आला. त्यातूनच अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा २०२० चा निकाल निघाला, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबत सगळे वकील आज त्याचाच आधार घेतात.

त्या निकालाचा डॅशकॅमवाल्यासाठी अर्थ असा. मूळ साधन मालकाने स्वतः साक्ष देत कोर्टात हजर केलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राची गरज नाही. पेन ड्राइव्हवर प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली द्यायचं असतं. त्याचे दोन भाग आहेत: भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला ठसा; फाइल जराही बदलली की तो बदलतो. आवाजाच्या मुद्रणाबद्दल महाराष्ट्रातूनच गेलेला मलकानी निकाल (१९७२) अजून लागू आहे: आवाज कोणाचा हे ओळखता यावं, विषयाशी संबंध असावा, आणि मध्ये खाडाखोड झालेली नाही हे पटावं.

म्हणून ॲपवरून वाय-फायने उतरवलेली क्लिप पुरावा म्हणून ठेवू नका. काही ॲप उतरवताना फाइल लहान करतात, मग तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. बरोबर पद्धत अशी: कार्ड काढा, ॲडॅप्टरची लॉकची पट्टी खाली सरकवा, संगणकावर फाइल जशीच्या तशी कॉपी करा, लगेच एसएचए-२५६ हॅश काढा (विंडोजमध्ये सर्टयूटिल ही आज्ञा आधीपासूनच असते), तारीख-वेळेसह लिहून ठेवा, आणि मूळ कार्ड पाकिटात घालून नवं कार्ड कॅमेऱ्यात टाका. कॅमेरा तीन मिनिटांच्या तुकड्यांत चित्रण करत असेल, तर थांबण्याच्या आधीचे दोन तुकडेही ठेवा. गाडी सरळ चालली होती की वाकडीतिकडी, सिग्नल कोणता होता, हे त्यांत असतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पिळून लहान झालेली असते. वकिलाला पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि काहीही झालं तरी ‘महत्त्वाचा भाग’ कापून काढलेली क्लिप इन्स्टाग्रामवर टाकून मूळ फाइल पुसू नका.

श्वास-चाचणीला कॅमेऱ्याची मदत थोडी, पण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. कलम २०३ म्हणतं की गणवेशातल्या अधिकाऱ्याला संशयाला वाजवी कारण असेल तर चाचणी मागता येते. ३१ डिसेंबरच्या रात्री गंगापूर रोडवर आलेल्या प्रत्येक चालकाला ओळीने फुंकायला लावणं आणि ‘वाजवी कारण’ यांत अंतर आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण मर्यादेवरचा आकडा त्याने पुसला जाईल अशी आशा ठेवू नका, पूरणमल तिथेही आडवा येतो. नकार देणं त्याहून वाईट: अटक होऊ शकते, आणि विनाकारण दिलेला नकार कलम २०५ खाली तुमच्याविरुद्ध वापरता येतो. कॅमेरा दाखवू शकतो ते एवढंच: यंत्राला नवी नळी लावली का, किती वेळा फुंकायला लावलं, पट्टीवर छापलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ जुळते का. आकड्याबद्दल शंका असेल तर रक्ततपासणीची मागणी तिथल्या तिथे, ऐकू जाईल अशा आवाजात करावी.

पोलिसांचं चित्रण करणं गुन्हा आहे का, हा प्रश्न दुकानदारही विचारतात. सार्वजनिक रस्त्यावर कामात अडथळा न आणता चित्रण करायला बंदी घालणारं कलम नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तर पोलीस ठाणेसुद्धा शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही असं सांगितलं. पण मोबाइल तोंडासमोर नाचवणं आणि काचेवर शांतपणे चालू असलेला कॅमेरा यांत फरक आहे. पहिल्यातून सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा उभा राहायला वेळ लागत नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण पोलिसांनीच करायचं आहे. ‘साहेब, आपलं रेकॉर्डिंग चालू आहे ना?’ एवढा एक सभ्य प्रश्न तुमच्या कॅमेऱ्यात उत्तरासकट येऊ द्या. फौजदार घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी त्र्यंबक रोडवरच आहे. हे कलम माहीत नाही असं नाशिकमध्ये तरी कुणी म्हणू नये.

आता न आवडणारी बाजू. कॅमेरा तुमचाही साक्षीदार नाही, तो कोणाचाच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस तो जप्त करू शकतात, आणि त्यातला वेगाचा आकडा, लाल सिग्नल, ‘दोनच घेतल्या साहेब’ हे वाक्य तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. आधीपासून मुद्रित झालेल्या गोष्टीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं म्हणता येत नाही, त्यामुळे घटनेच्या अनुच्छेद २०(३) चा आडोसा तिथे फारसा मिळत नाही. चित्रावर वेगाचा आकडा छापायचं सेटिंग कायद्याने सक्तीचं नाही, बंद ठेवता येतं. पण घटना घडून गेल्यावर फाइल पुसणं हा पुरावा नष्ट करण्याचा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. जप्ती झाली तर कॅमेरा आणि कार्ड दोन्हींचा उल्लेख पंचनाम्यात कंपनी, क्षमता आणि अनुक्रमांकासह करून घ्या, आणि हॅश तिथेच काढायची मागणी करा.

कॅमेऱ्यावरून आलेल्या ई-चलानाला उत्तर द्यायला डॅशकॅम चांगला. सिग्नल पिवळा होता, रुग्णवाहिकेला वाट दिली, नंबर प्लेट दुसऱ्याची होती, अशा तक्रारींना तो नेमका लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ मध्ये अशा चलानाची सूचना १५ दिवसांत पाठवायची तरतूद आली. पण वर सांगितलेल्या कार्डाच्या हिशोबात १५ दिवसांपूर्वीची फाइल उरलेलीच नसते. चौकात फ्लॅश चमकलेला दिसला, की त्याच रात्री त्या वेळेची फाइल बाजूला काढायची.

खरेदीला जाताना मागायचं ते असं: पुढचा आणि केबिनचा कॅमेरा, कपॅसिटर, जीपीएस, अंगावरच लॉकचं बटण, काढता येणारं कार्ड, त्याच कंपनीचं हार्डवायर किट. हे सगळं कार्डासकट ७-८ हजारांत बसतं. ४के चित्राला जास्त पैसे देऊ नका. खिडकीतला चेहरा १०८०पी ला ओळखू येतो आणि ४के ने कार्ड काही तासांत भरतं. नुसतं क्लाउडवर साठवणारा, कार्ड नसलेला कॅमेरा या कामाला घेऊ नये, कारण ‘मूळ साधन’ मग तुमच्या हातात राहतच नाही. दुचाकीवाल्यांना यातलं काही लागू पडत नाही. हँडलला लावायचे कॅमेरे मिळतात, पण त्यांचा मायक्रोफोन बहुधा वाऱ्याचा आवाजच मुद्रित करतो आणि स्विच बंद केल्यावर तेही मरतात. त्यांनी गाडी स्टँडला लावून मोबाइलचा रेकॉर्डर चालू करावा आणि मोबाइल खिशातच ठेवावा.